काट्याची वायर काढली की संगणक निळा का पडतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातील एका जिनिंगवर आपण भुईकाट्याचा संगणक सांभाळता. काट्याच्या इंडिकेटरकडून, म्हणजे वजन दाखवणाऱ्या पेटीकडून, येणारी वायर यूएसबी कन्व्हर्टर लावून संगणकाला जोडलेली आहे. ती काढली की बहुतेक वेळा पडदा निळा होतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. कधी हे लगेच घडते, तर कधी काही मिनिटांनी. विंडोज दोनदा नव्याने टाकूनही फरक पडलेला नाही. आता दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड बदलायला सांगितले आहे आणि कापसाचा हंगाम तोंडावर आला असताना हा खर्च करावा की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.

तो खर्च इतक्यात करू नये, असे माझे मत आहे. विंडोज ९८ च्या दिवसांपासून मी जळगावात हे काम करतो. जिनिंग, दालमिल आणि केळीचे काटे मिळून या तक्रारीचे बरेच संगणक माझ्या हाताखालून गेले आहेत आणि त्यांत मदरबोर्ड खरोखर दोषी निघाल्याचे प्रसंग फारच थोडे आहेत. तरीही संगणक न पाहता मी पैजेवर सांगणार नाही. कन्व्हर्टरमध्ये कोणती चिप आहे, काट्याच्या केबिनला अर्थिंग आहे का, इंडिकेटर आणि संगणक एकाच बोर्डवरून चालतात का, यांवर उत्तर बदलते. म्हणून खाली निदानापेक्षा निदान करण्याची रीत अधिक सांगितली आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज बाजूला ठेवू. चालू संगणकातून यूएसबीची वस्तू काढणे ही चूक नाही. जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड किंवा प्रिंटरचे रुंद पॅरलल पोर्ट चालू अवस्थेत काढू नये, असे आम्ही पूर्वी सांगत असू आणि ते योग्यच होते, कारण त्या जोडण्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. यूएसबी मात्र चालू यंत्राला जोडता आणि काढता यावी म्हणूनच आखलेली आहे. तिच्या नेहमीच्या चपट्या पिनेत नीट पाहिले तर चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन लांब आणि मधल्या दोन आखूड दिसतात. कडेच्या पट्ट्या विजेच्या आहेत आणि मधल्या माहितीच्या. पिन ओढताना आधी माहितीचा संबंध तुटावा आणि वीज शेवटी जावी, एवढा विचार त्या पत्र्यात केलेला आहे. त्यामुळे ‘वायर काढल्यावर संगणक का पडतो’ असे विचारण्याऐवजी ‘वायर काढली त्या क्षणी तिच्याशी कोण काय करत होते’ असे विचारले, तर उत्तर लवकर सापडते.

आपल्या बाबतीत त्या क्षणी काट्याचे सॉफ्टवेअर काम करत असते. इंडिकेटर एका सेकंदात अनेक वेळा वजन पाठवत असतो आणि सॉफ्टवेअर कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे विंडोज आणि ती वस्तू यांची गाठ घालून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे, सतत एक चिठ्ठी देऊन ठेवते की पुढचे वजन आले की मला दे. वायर अचानक ओढली की विंडोज ड्रायव्हरला कळवते की वस्तू गेली आहे, आता आवराआवर कर. चांगला ड्रायव्हर हातातल्या सगळ्या चिठ्ठ्या ‘वजन आले नाही’ असा शेरा मारून परत करतो आणि मगच आपली जागा सोडतो. वाईट ड्रायव्हर आधी जागा सोडतो, त्याच्या ताब्यातली मेमरी परत जाते, आणि नंतर उरलेल्या चिठ्ठीची आठवण होऊन तो त्याच जुन्या जागी लिहायला जातो. ती जागा तोवर दुसऱ्या कोणाची तरी झालेली असते.

हीच चूक एखाद्या साध्या प्रोग्रॅमने केली असती, तर विंडोजने तो प्रोग्रॅम बंद केला असता आणि बाकीचे काम चालू राहिले असते. पण ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालतो. ओट्यावर भांडण झाले तर भांडणाऱ्याला बाहेर काढता येते. माजघरात चुलीबाहेर आग गेली तर सगळ्या घरालाच बाहेर यावे लागते. मेमरीत कोणी कुठे लिहिले याचा भरवसा राहिला नाही, की आपल्या पावत्यांची फाइल बिघडण्याआधी विंडोज स्वतःहून थांबते. निळा पडदा म्हणजे हे मुद्दाम केलेले थांबणे होय. (विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत हा पडदा काळा केलेला आहे, त्यामुळे रंगावर जाऊ नये.) अशी फजिती भल्याभल्यांची झाली आहे. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ दाखवताना स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळा पडदा आला होता. तिथे वस्तू जोडली होती, आपण काढता, एवढाच फरक.

आता यावरून एक गोष्ट उघड होते. विंडोज दोनदा टाकूनही फरक का पडला नाही? कारण दोन्ही वेळा कन्व्हर्टरसोबत आलेल्या त्याच छोट्या सीडीवरून तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला गेला असणार. शिवाय प्रत्येक वेळी जुन्या बिघाडांच्या नोंदीही पुसल्या गेल्या. फॉरमॅट करणे हा आमच्या धंद्यातला सर्वांत सोपा उपाय आहे, आणि माझ्या मते सर्वांत आळशीही.

नोंदी पाहण्यापूर्वी तीन प्रयोग करावेत. त्यांना काहीही खर्च येत नाही. मात्र काट्यावर गाडी नसताना आणि त्या दिवसाच्या पावत्यांची प्रत दुसरीकडे घेऊन झाल्यावरच ते करावेत.

पहिल्या प्रयोगात काट्याचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करावे, टास्क मॅनेजरमध्ये ते मागे चालू राहिलेले नाही याची खात्री करावी आणि मग कन्व्हर्टर काढावा. हे दहा वेळा करावे. दोन-तीन वेळांवरून निष्कर्ष काढू नये, कारण असे दोष दरवेळी दिसतातच असे नाही. दहाही वेळा काही झाले नाही आणि सॉफ्टवेअर चालू असताना मात्र संगणक पडतो, असे दिसले, तर सॉफ्टवेअर वापरत असलेल्या पोर्टवरून वस्तू जाण्याचा वर सांगितलेला प्रकार आहे असे समजावे.

दुसरा प्रयोग मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटतो आणि तो सहसा कोणी करत नाही. सॉफ्टवेअर चालू ठेवावे, कन्व्हर्टर यूएसबीत तसाच राहू द्यावा आणि फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाची, म्हणजे नऊ पिनांची, जोडणी सोडवावी. विंडोजच्या दृष्टीने काहीच निघालेले नसते, कारण कन्व्हर्टर जागेवर आहे. फक्त वजन येणे बंद होते. तरीही संगणक बंद पडला किंवा पुन्हा सुरू झाला, तर ड्रायव्हरपेक्षा विजेचा संशय अधिक धरावा. त्याबद्दल पुढे लिहितो.

तिसऱ्या प्रयोगात तोच कन्व्हर्टर संगणकाच्या मागच्या बाजूच्या पोर्टला लावून पहिला प्रयोग पुन्हा करावा. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून एका बारीक केबलने बोर्डाला जोडलेले असतात, ती सैल होते. मागचे पोर्ट थेट बोर्डावर बसवलेले असतात. मागे लावल्यावर कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोज कन्व्हर्टरला देते त्या जोडणीचा, क्रमांक बदलून सॉफ्टवेअरला वजन येईनासे होईल, त्याने घाबरून जाऊ नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या गुणधर्मांत ॲडव्हान्स्ड या भागात पूर्वीचा क्रमांक देता येतो. पुष्कळ काट्यांवर माणसे वायर पुन्हा पुन्हा काढतात-लावतात त्याचे मूळ कारण हा बदलणारा क्रमांकच असतो: वजन येत नाही म्हणून वायर काढायची, दुसऱ्या पोर्टला लावायची, तिथे आणखी नवा क्रमांक मिळतो, आणि गुंता वाढतो.

वायर नक्की कोण आणि का काढतो, हेही पाहावे लागते. धरणगावच्या बाजूच्या एका जिनिंगवर काही वर्षांपूर्वी मला हीच तक्रार आली होती. काटा सांभाळणारा मुलगा शपथेवर सांगत होता, “मी काहीच करं नही भाऊ, आपोआप बंद पडी जास.” त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नव्हते, म्हणून सकाळपासून केबिनमध्ये बसून राहिलो. दुपारपर्यंत काही झाले नाही. मग एका ट्रॅक्टरचा चालक पावतीसाठी आत आला, त्याने सहज पुढचा कन्व्हर्टर उपसला आणि तिथे स्वतःच्या मोबाइलची केबल लावली. पडदा निळा. मुलगा तेव्हा खिडकीतून गाडीचा नंबर लिहून घेत होता. त्याच्या दृष्टीने खरोखरच ‘आपोआप’ बंद पडले होते. नंतर बिघाडांच्या नोंदी आणि पावत्यांच्या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या, तर बहुतेक नोंदी पावती निघण्याच्या एक-दोन मिनिटे आगेमागे होत्या. उरलेल्या दोन-तीन नोंदींचे कोडे पोर्टमध्ये सापडले. चिमट्याने आतून उडदाच्या दाण्याएवढा रुईचा बोळा निघाला. त्या बोळ्यामुळे पिन पूर्ण आत बसत नव्हती आणि भरलेला ट्रक काट्यावर चढताना केबिन हादरली की संबंध क्षणभर तुटत होता. विंडोजच्या लेखी हेही वायर काढणेच होय.

आता नोंदींकडे वळू. संगणक आपोआप पुन्हा सुरू होत असल्याने पडद्यावरचा मजकूर वाचायला वेळ मिळत नाही. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ हा भाग आहे, तिथे आपोआप रीस्टार्ट करण्याची खूण काढून टाकावी आणि ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडावा. पुढच्या वेळी पडदा थांबून राहील आणि त्यावरील स्टॉप कोडचा, म्हणजे बिघाडाच्या प्रकाराच्या नावाचा, मोबाइलने फोटो घेता येईल. त्याशिवाय सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक बिघाडाची एक फाइल तारखेसह साठते. त्या फाइली दुसऱ्या फोल्डरात उतरवून घ्याव्यात आणि ब्लू-स्क्रीन-व्ह्यू या छोट्या मोफत प्रोग्रॅमने किंवा मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजीने उघडाव्यात. आपल्याला त्यातून एकच गोष्ट हवी असते: दोष कोणत्या मोड्यूलवर, म्हणजे ड्रायव्हरच्या किंवा विंडोजच्या कोणत्या फाइलीवर, दाखवला आहे त्याचे नाव.

हे नाव वाचताना सावध राहावे. पुष्कळदा तिथे विंडोजच्या कर्नलचीच फाइल दिसते आणि मग ‘विंडोज खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. मेमरी कोणी बिघडवली हे कर्नलला बऱ्याचदा उशिरा कळते. पंचनामा लिहिणाऱ्याचे नाव कागदावर असते म्हणून तो चोर ठरत नाही. एक फाइल पाहून ठरवू नये, आठ-दहा फाइलींत कोणते परके नाव पुन्हा पुन्हा येते ते पाहावे. प्रत्येक फाइलीत वेगळेच नाव असेल आणि वायर न काढताही संगणक पडत असेल, तर रॅमची तपासणी आधी करावी. विंडोजमध्ये त्यासाठी मेमरी डायग्नोस्टिक दिलेले आहेच.

स्टॉप कोडही बरेच काही सांगतो. वायर काढताक्षणी पडदा निळा झाला आणि ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असे आले, तर जागा सोडल्यानंतर तिथे हात घालणारा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणावा. काही मिनिटांनी ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ आले, तर प्रकार थोडा निराळा आहे. तिथे ड्रायव्हर चुकीचे लिहीत नाही, तो उत्तरच देत नाही. विंडोज त्याला झोपायला किंवा उठायला सांगते, तो निघून गेलेल्या वस्तूची वाट पाहत अडकून बसतो, आणि ठरावीक वेळ थांबून विंडोज नाद सोडते. संगणक बंद करताना गोल चक्र बराच वेळ फिरत राहणे, हे याच दुखण्याचे आधीचे लक्षण असते. आपण लिहिले आहे की कधी लगेच आणि कधी उशिरा होते. एकाच वाईट ड्रायव्हरकडून दोन्ही घडू शकते, म्हणून मला ते विसंगत वाटत नाही. या दुसऱ्या प्रकारात डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधील वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाकावी आणि पॉवर प्लॅनमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे. काट्याचा संगणक दिवसभर चालतो, त्याने वीज वाचवण्याची गरज नाही.

तिसरी शक्यता अशी की पडदा निळा न होता संगणक एकदम काळा होऊन सुरू होतो, मिनीडंपमध्ये फाइल नसते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ ही नोंद बगचेक कोड (म्हणजे स्टॉप कोड) शून्य दाखवून मिळते. (डंप न बनण्याला डिस्क किंवा पेज फाइलमधील अडचणही कारण असू शकते, हे लक्षात ठेवावे.) दुसऱ्या प्रयोगातही हेच घडले असेल, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. काट्याच्या केबिनला बहुधा लांबून वीज आणलेली असते आणि तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी पिन नुसती शोभेला असते. अर्थिंग नसलेल्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधील फिल्टरमुळे त्याच्या पत्र्यावर पुरवठ्याच्या जवळपास निम्मे, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट, तरंगत राहतात. पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात त्या याच. इंडिकेटर दुसऱ्या बोर्डवरून चालत असेल तर दोन पत्र्यांमधला फरक त्या बिचाऱ्या डेटा वायरमधून वाट शोधतो आणि जोडणी तुटताना किंवा जुळताना त्याचा झटका पोर्टला बसतो. इथे मदरबोर्ड खरोखर जाऊ शकतो. पण नवा बोर्ड टाकून अर्थिंग तसेच ठेवले तर तोही जाईल. अर्थिंग करून घ्यावे, न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मीटरने मोजून घ्यावे (मी दोन-तीन व्होल्टच्या वर चालवून घेत नाही), दोन्ही यंत्रे एकाच बोर्डवर आणावीत आणि मध्ये ऑप्टो-आयसोलेशन असलेला, म्हणजे माहिती प्रकाशाने पलीकडे देऊन दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा, कन्व्हर्टर वापरावा.

पेन ड्राइव्हबद्दलही आपण शेवटी विचारले आहे. तो काढल्याने संगणक सहसा पडत नाही. लिहिणे अपुरे राहून फाइल मात्र बिघडू शकते. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सेटिंग आहे, तरी कॉपी चालू असताना पेन ड्राइव्ह उपसू नये.

प्रयोगांवरून ड्रायव्हरच दोषी ठरला, तर पुढील काम फार मोठे नाही. कन्व्हर्टर लावलेला असताना डिव्हाइस मॅनेजरमधून तो काढावा आणि त्या वेळी ड्रायव्हरची फाइलही काढण्याची खूण करावी. ती केली नाही तर पुन्हा लावताच तोच ड्रायव्हर परत येतो. ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडून जुने फिकट दिसणारे कॉम पोर्टही काढून टाकावेत. मग चिप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर घ्यावा. एका फटक्यात सगळे ड्रायव्हर टाकून देणारे जे प्रोग्रॅम मिळतात, ते काट्याच्या संगणकावर मी कधीच चालवत नाही.

इथे एक अडचण येण्याचा संभव आहे. स्वस्त कन्व्हर्टरांत पुष्कळदा जुनी किंवा नकली चिप असते. नवा ड्रायव्हर तिला ओळखून नकार देतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसतो, आणि मग माणसे नाइलाजाने पुन्हा जुन्या ड्रायव्हरकडे जातात. २०१४ मध्ये तर एफटीडीआय कंपनीच्या एका ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि त्यावर बराच गदारोळ झाला होता. जुना ड्रायव्हर चालतो पण पाडतो, नवा पाडत नाही पण चालत नाही, अशा कात्रीत सापडल्यास कन्व्हर्टर बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मदरबोर्डच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

आपला संगणक डेस्कटॉप असेल तर माझी पसंती कन्व्हर्टरलाही नाही. आत पीसीआय एक्स्प्रेसचे सीरियल कार्ड बसवावे, किंवा बोर्डावर कॉम पोर्टची जागा असेल तर तिची पट्टी आणून जोडावी. नऊ पिनांच्या त्या जोडणीला दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. ते आवळले की ट्रकच्या हादऱ्याने ती हलत नाही आणि मोबाइल चार्ज करायला आलेल्या माणसाला ती उपसताही येत नाही. मोबाइलसाठी केबिनमध्ये खिडकीजवळ एक वेगळा चार्जर लावून ठेवावा. धरणगावच्या त्या जिनिंगवर आम्ही कार्डाआधी तोच लावला होता.

बदल केल्यावर तिन्ही प्रयोग पुन्हा दहा-दहा वेळा करावेत आणि एकदा भरलेली गाडी काट्यावर चढत असताना पडद्याकडे लक्ष ठेवावे. त्यानंतरही पडदा निळा झालाच, तर काहीही फॉरमॅट न करता स्टॉप कोड, मिनीडंपमधील मोड्यूलचे नाव आणि त्या वेळेच्या आधीच्या शेवटच्या पावतीची वेळ, एवढे तीन तपशील लिहून कळवावेत.